जैनबदादीची शपथ आणि मोत्यांची डोली

कामशेतच्या बाजारपेठेत इब्राहिमभाईंचं तांदळाचं दुकान आहे, आणि दुकानाच्या मागच्या दारातून आत गेलं की त्यांचं घर. दुकानात पोती, घरात मणी. या दोन राज्यांची सरहद्द म्हणजे तो मधला दरवाजा, आणि तो मेला कधीच नीट लागत नाही. सगळ्या तंट्याचं मूळ तिथंच.

मणी जैनबचे, म्हणजे इब्राहिमभाईंच्या बायकोचे. साठी उलटली, गुडघे कुरकुरतात, पण तंगूस हातात घेतला की बाईची बोटं सोळा वर्षांची होतात. तंगूस म्हणजे मासे धरायच्या गळाला लावतात तो पारदर्शक दोरा. मासे कुणी धरत नाही त्या घरात, पण तंगुसाची रिळं पाहून नव्या पाहुण्याला तसा संशय येतो. टीव्हीवर मोत्यांचा हंस, फ्रिजवर मोत्यांचं अननस. घरातला टेलिफोन जाऊन कैक वर्षं झाली, पण टेलिफोनवर घालायचं मोत्यांचं झाकण अजून तिथंच आहे, कोपऱ्यातल्या स्टुलावर, आत काही नसताना.

मणी ठेवायला तिने जुना मिसळणाचा डबा घेतला होता. हळदीच्या वाटीत पिवळे मणी, तिखटाच्या वाटीत लाल, मोहरीच्या वाटीत काळी बारीक पोत. सून नुसरत लग्न होऊन आली तेव्हा पहिल्याच आठवड्यात तिने डाळीला काळ्या पोतीची फोडणी दिली होती. बराच वेळ तडतडेना, तेव्हा तिने घाबरून विचारलं, "अम्मी, तुमच्याकडची मोहरी शांत असते का?" त्या दिवसापासून सासू-सुनेचं जे जमलं ते जमलं.

इब्राहिमभाईंचं मात्र जमत नव्हतं. मधल्या दारातून मणी घरंगळत दुकानात यायचे आणि पोत्यात शिरायचे. एकदा पवनेकडचा धोंडिबा दुकानात आला, मूठ उघडली, तळहातावर पांढराशुभ्र मोती.

"शेठ, ह्यो तुमच्या इंद्रायणी तांदळात निघाला."

इब्राहिमभाईंनी कपाळाला हात लावला. "माफ करा आबा, बदलून देतो."

"बदलून कशाला? त्याच पोत्यातला आनि दोन किलो द्या."

जैनबची दिनचर्या ठरलेली होती. पहाटेची नमाज, मग डबे. मुलगा याह्या उर्से गावाजवळच्या कंपनीत पाळीला जायचा आणि नुसरत लोणावळ्याच्या एका रिसॉर्टमध्ये हिशेब सांभाळायची. मग स्वयंपाक, झाकपाक, दुपारची जोहरची नमाज, आणि त्यानंतर शाळेच्या व्हॅनचा हॉर्न वाजेपर्यंतचा वेळ मण्यांचा. हॉर्न वाजला की मणी डब्यात आणि डबा कपाटावर. आठ वर्षांची आयरा आणि चार वर्षांचा अरहम घरात आले की दादी त्यांची, मणी परके. नुसरतने घातलेली ती एकच अट होती आणि जैनबला ती मान्य होती.

पण या फेब्रुवारीत ती अट जरा सैल झाली. कारण डोली. शेजारच्या निर्मलाच्या मुलीचं, माधवीचं, लग्न ठरलं होतं आणि रुखवतात मांडायला जैनबने मोत्यांची डोली करून द्यायचं कबूल केलं होतं. वर घुमट, चार खांब, आत लाल पडद्याआड बसलेली बोटाएवढी नवरी. काम मोठं, दिवस थोडे. म्हणून मुलं आल्यावरही हात चालू राहायला लागला. अरहमला ताटलीत मणी देऊन ती म्हणायची, "लाल वेगळे कर, पिवळे वेगळे कर." नुसरतने भुवई उंचावली की उत्तर तयार, "अगं, रंग शिकवतेय त्याला."

एके दुपारी घुमटाची शेवटची ओळ चालली होती. अरहम दुकानातून दुडुदुडु आत आला, ताटलीपाशी बसला. थोड्या वेळाने म्हणाला, "दादी, आत गेलं."

"कुठं आत?"

अरहमने नाकाकडे बोट दाखवलं.

जैनबच्या हातातला तंगूस सुटला. "काय गेलं? काय घातलंस?"

अरहम गप्प. एरवी झोपेतही बडबडणारं पोर, ओठ मिटून बसलेलं. आयराने वहीतून मान वर केली आणि निकाल देऊन टाकला, "मणीच घातला असेल. काल तो हंसाच्या नाकात मणी बसवत होता."

पुढचं सगळं एका दमात झालं. जैनबने पोराला काखोटीला मारलं, ओढणी डोक्यावर घेतली, आरडाओरडा ऐकून निर्मला पोळीचं पीठ लागलेल्या हातांनी बाहेर आली, आणि तिघं पप्पूच्या रिक्षात बसली. दवाखाना तसा जवळ, पण पप्पूने एवढ्या वळशाने आणि एवढ्या खड्ड्यांतून नेलं की जैनबने पोराला निर्मलाच्या मांडीवर दिलं. तिने दोन्ही हात पसरले आणि मोठ्याने म्हणाली, "या अल्लाह, एवढा मणी सुखरूप बाहेर येऊ दे. तुझी शपथ, मी जन्मात परत मण्याला हात लावणार नाही!"

निर्मला दचकली. पप्पूने आरशातून पाहिलं. म्हणजे साक्षीदार दोन झाले, आणि त्यातला एक रिक्षावाला. संध्याकाळपर्यंत शपथ स्टेशनपलीकडे पोचणार हे नक्की.

डॉक्टरांनी बॅटरी लावली, चिमटा घातला, अरहमने एक किंकाळी फोडली आणि काम झालं. डॉक्टरांनी चिमटा उजेडात धरला.

"मावशी, तुमचा मणी भाजलेला आहे."

"म्हणजे?"

"आणि गुळात घोळलेला आहे."

ताटलीत अर्धा शेंगदाणा पडला होता. चिक्कीतला.

घरी येऊन जैनबने आधी शुक्रान्याची नमाज पढली. मग मिसळणाच्या डब्याला झाकण लावलं आणि डबा कपाटावर, अगदी भिंतीकडे सरकवून ठेवला. अर्धवट डोली खिळ्याला टांगली.

नुसरत कामावरून आली, पोराचं नाक तपासलं आणि एकच प्रश्न विचारला, "शेंगदाणा आला कुठून?" अरहमचे दात किडल्यापासून तिने घरात चिक्की आणणं बंद केलं होतं. लोणावळ्यात नोकरी करून चिक्कीशिवाय घरी येणारी ती एकटीच असेल. सगळे एकमेकांकडे बघायला लागले. इब्राहिमभाई म्हणाले, "गिऱ्हाईक आलंय वाटतं," आणि दुकानात गेले. दुकानात फक्त मांजर होतं.

त्या रात्री जेवणं उरकल्यावर निर्मलाने शपथेचा खटला उभा केला.

"भाभी, तुम्ही काय म्हणालात? मणी बाहेर येऊ दे. आला का मणी बाहेर? नाही. मणी आत नव्हताच. मग शपथ कसली लागू होते? मी होते ना रिक्षात!"

"तोंडाने मणी म्हटलं गं," जैनब म्हणाली, "पण मनात पोराच्या नाकात जे होतं तेच होतं. अल्लाह काय शब्द धरून बसणार आहे? तो मन बघतो."

"मग मनात माझी डोली पण होतीच की!"

इब्राहिमभाईंनी पेपरामागून मत दिलं. "शपथ ती शपथ. आता पोत्यांत मोती तरी निघणार नाहीत."

"धोंडिबाआबांसारखं गिऱ्हाईक जाईल," नुसरत म्हणाली.

जैनबने मण्यांना हात लावला नाही. पण हातांना हे कुणी सांगितलंच नव्हतं. ती तांदूळ निवडायला बसली की खड्यांची ताटात नक्षी व्हायची. भाजीच्या भेंडीच्या चकत्या एकाआड एक, लाल मिरचीच्या तुकड्यांसोबत गोल मांडलेल्या. आयराच्या डब्यातले मटारसुद्धा ओळीने निघाले. निर्मला रोज संध्याकाळी आजाऱ्याला बघायला यावं तशी डोली बघायला यायची, खिळ्यासमोर जरा उभी राहायची आणि उसासा टाकून जायची. चौथा खांब व्हायचा राहिला होता, म्हणून डोली एका अंगाला कलली होती. आतली नवरी पडद्याबाहेर डोकावत होती, जणू कोण उचलतंय का ते बघत होती.

मोकळा वेळ मग दुकानात शिरला. जोहरनंतर जैनब मधल्या दारातून पुढे येऊन गल्ल्याशेजारी बसायला लागली. पहिल्या दिवशी तिने पोत्यांची जागा बदलली. दुसऱ्या दिवशी मापं घासली आणि इब्राहिमभाईंच्या चहातली साखर बंद केली. तिसऱ्या दिवशी धोंडिबा आला.

"आबा, हा नका घेऊ," जैनबने पोत्यावर हात ठेवला. "फार चिकट होतो. मी घरी नाही करत."

"जैनब!" इब्राहिमभाई म्हणाले.

"का हो? पोटात जायचंय त्यांच्या."

धोंडिबाने दोघांकडे आळीपाळीने बघितलं. "शेठ, तुमी मोती घालत व्हता त्येच बरं व्हतं."

जुम्म्याच्या नमाजनंतर इब्राहिमभाई मौलानासाहेबांसमोर जाऊन बसले. आवाज खाली करून त्यांनी सगळी हकीकत सांगितली. म्हणजे जवळजवळ सगळी.

मौलानासाहेब ऐकून हसले. "चांगलं काम सोडायची शपथ कशाला पाळायची? शपथ मोडा आणि कफ्फारा, म्हणजे तिचं प्रायश्चित्त, द्या. दहा गरजूंना दोन वेळ पोटभर जेवू घाला. बाईंना सांगा, हात आखडू नका." मग जरा थांबून त्यांनी विचारलं, "इब्राहिमभाई, त्यांना इतकी घाई नाही. तुम्हाला का आहे?"

"घरात शांतता फार झालीय, मौलानासाहेब. आणि दुकानात अजिबात राहिली नाही."

धावतपळत येऊन त्यांनी निरोप सांगितला. निर्मलाने तर तिथल्या तिथे हात जोडले. कुणाला जोडले ते तिचं तिला ठाऊक. पण जैनबने मान हलवली.

"जेवण घालीन. दहांना नाही, विसांना घालीन. पण मणी नको."

"अगं, मौलानासाहेब स्वतः म्हणाले!"

"त्यांना काय माहीत? शेंगदाणा असो की मणी, पोर माझ्यासमोर बसलं होतं आणि माझी नजर तंगुसाच्या टोकावर होती. नुसरतने एकच अट घातली होती. तीही मी रंग शिकवतेय म्हणून मोडली." तिने खिळ्याकडे बोट केलं. "दम कोंडला असता तर ती डोली काय चाटायची होती?"

नुसरत सासूजवळ जाऊन बसली. खिळ्यावरची डोली पंख्याच्या वाऱ्याने हळूच फिरली, आणि इब्राहिमभाईंना ती नवरी आपल्याकडेच बघतेय असं वाटलं असावं. त्यांनी टोपी काढली, परत घातली.

"चिक्की मी दिली होती," ते म्हणाले.

"काय?"

"रोज देतो. व्हॅनमधून उतरला की तो आधी दुकानात येतो. गल्ल्याच्या खालच्या खणात असते. त्या दिवशी तू आतून हाक मारलीस, म्हणून मी त्याला म्हटलं, राहिलेली लपव, दादीला सांगू नको."

सगळ्यांनी अरहमकडे बघितलं. तो पलंगाखालून गाडी काढत होता.

"अरहम," नुसरत म्हणाली, "दादाजींनी लपव म्हटलं तर नाकात का लपवलीस रे?"

अरहमने आईकडे असं बघितलं, की एवढंही कळत नाही?

"माझ्या चड्डीला खिसा कुठाय?"

आधी आयरा हसली. मग निर्मलाचं हसू फुटलं आणि तिला खाली बसावं लागलं. नुसरतला सासऱ्यावर रागवायचं होतं, पण तोंडावर पदर धरून तिचे खांदे हलत होते. जैनब मात्र नवऱ्याकडे बघत राहिली.

"आणि तुम्ही पेपरामागून म्हणत होतात, शपथ ती शपथ."

"चुकलं," इब्राहिमभाई म्हणाले. आणि खुर्ची ओढून, तिच्यावर चढून, त्यांनी स्वतःच्या हातांनी कपाटावरचा मिसळणाचा डबा खाली उतरवला. वयाच्या सत्तरीत माणसाने खुर्चीवर चढावं म्हणजे माफीच होती ती.

नुसरतने झाकण उघडलं. "अम्मी, मुलं घरात असताना मी किंवा याह्या त्यांच्याजवळ बसू. तुम्ही ओवा. पण अरहमच्या हातात ताटली नाही."

"नाही. कधीच नाही."

जैनबने वजू करून हात-तोंड-पाय धुतले. बिस्मिल्ला म्हणून तंगूस हातात घेतला. पहिला मोती दोनदा निसटला. आयराने दुसरं टोक घट्ट धरलं. तिसऱ्यांदा मोती बसला आणि शपथ मोडली. मग मात्र ओळीमागून ओळ. लग्नाच्या आदल्या दिवशी चौथा खांब उभा राहिला आणि निर्मला डोली ओंजळीत घेऊन अशी निघाली की वाटेतल्या दोन बायकांनी आत काय देव आहे का म्हणून हात जोडले.

कफ्फाऱ्याचं जेवण पुढच्या रविवारी ठरलं. वरच्या पाड्यावरून बाजाराला येणाऱ्या पुतळाबाईकडे निरोप दिला होता, दहा जण घेऊन ये, सकाळी आणि संध्याकाळी. सकाळी ती आली तेव्हा मागे रांगच होती.

"मावशे, धा म्हनलं व्हतंस," पुतळाबाई म्हणाली, "पर धा मानसं यायची म्हंजी त्यांची पोरं कुटं ठेवायची? न्हाई न्हाई, भागंल, दमानं वाढ."

इब्राहिमभाईंनी मुकाट्याने आणखी एक पोतं उघडलं. चिकट नव्हे, चांगल्यातलं.

पुतळाबाईच्या गळ्यात मण्यांच्या लाल-पांढऱ्या माळा होत्या. टीव्हीवरचा हंस बघून ती म्हणाली, "आमच्यात मनी गळ्यात घालत्यात. तुमी बदकाला घालताय व्हय?" जैनब एवढी हसली की पुलावाचं भांडं नुसरतला धरावं लागलं.

पंगत उठल्यावर नुसरतने संधी साधली. "अब्बा, आता सगळ्यांसमोर सांगा. अरहमला परत चिक्की देणार नाही."

इब्राहिमभाई ताठ झाले. एक हात वर केला. "ठीक आहे. मी शपथ..."

जैनबने हातातला डाव त्यांच्या तोंडासमोर आडवा धरला.

"नुसतं हो म्हणा," ती म्हणाली. "तुमची शपथ मोडायला मंगळवार उजाडायचा नाही, आणि परत एवढ्या जणांचा स्वयंपाक मी करणार नाही. मला मण्यांचं काम आहे."