बेटावरची दुधीची भाजी

अंदमानला निघालेली माणसं मला विचारतात — मासे कुठे खायचे? आमच्या घोडपदेवच्या बिल्डिंगीत आणि ऑफिसात हे खातं माझं, असं सगळ्यांनी ठरवून टाकलंय. आम्ही एकदाच गेलो होतो, तेही बऱ्याच वर्षांपूर्वी. पण मालवणी माणूस समुद्र ओलांडून मासे खाऊन आला म्हणजे त्याचा शब्द शेवटचा. मीही रंगात येऊन सांगतो — खेकडा कुठे, कोळंबी कुठे, आणि कुठे नुसता देखावा. एक जागा मात्र मी कधीच सांगत नाही. का, ते आजवर कुणालाच कळलेलं नाही. बायकोलाही नाही. तुम्हाला सांगतोय — बहुधा तुम्ही माझ्या आईला ओळखत नाही म्हणून.

आईबद्दल आधी सांगायला हवं. रविवारी बाजारात जायचा मान तिचा. कोळणीशी ती कडाकडा भांडायची आणि निघताना तिच्याच पोराबाळांची चौकशी करून यायची. माशाचं डोकं तिच्या वाटणीचं. ते ती असं चोखून खायची की ताटात उरलेल्या काट्यांकडे मांजरसुद्धा ढुंकून बघायचं नाही.

मग माझ्या मुलीला, मनवाला, फिट यायला लागल्या. लहान होती हो. डोळे फिरायचे, हातपाय ताठ व्हायचे, आणि आपण नुसतं बघत राहायचं. आई गावी गेली आणि देवळात गाऱ्हाणं घालून आली — नात बरी होऊ दे, मी मासे सोडले. कायमचे. परत आल्यावर तिने हे आम्हाला जेवताना सहज सांगितलं, आणि आमटी-भात कालवायला घेतला.

हळूहळू फिट थांबल्या. कशामुळे? गोळ्या मी देत होतो. हॉस्पिटलच्या रांगेत मी उभा राहत होतो, रात्री उठून तिचा श्वास मी ऐकत होतो. आणि बिल्डिंगीतल्या वहिन्या म्हणायच्या, "आजीने केलं हो नातीसाठी! नवस फळला." मी हसून मान डोलवायचो. आत जळायचं. — हे इथेच सांगून ठेवतो, कारण पुढे जे केलं ते या जळण्यातूनच आलं. भूक, ऊन, प्रवास ही सगळी नंतर शोधलेली कारणं.

आमच्यासाठी आई मासे करतच राहिली. पण चाखायची नाही. रस उकळला की हाक यायची, "मीठ बघ रे." मी तळहात पुढे करायचा, ती त्यावर थेंबभर रस टाकायची, मी चाटून सांगायचं. दुसऱ्या कुणाला बोलवायची नाही. शुभदाला, म्हणजे माझ्या बायकोला, सगळं खारट लागतं आणि मनवाला सगळं तिखट, असं तिचं म्हणणं. तुझी जीभ माझ्यासारखी आहे, म्हणायची. मला त्याचा केवढा अभिमान होता, सांगू?

तर अंदमान. आईलाही घेऊन गेलो. चहूकडे समुद्र, ताटाताटात मासे, आणि रोज एकच प्रश्न — आई काय खाणार? कुठे दहीभात, कुठे पाव. ती तक्रार करायची नाही. "माजां काय, केळां पुरे," म्हणायची. तुम्हाला यात माया दिसेल. मला तेव्हा तिचा मोठेपणा दिसायचा, आणि त्याचा भयंकर राग यायचा. मी सुरमई फोडत असताना समोर बसून केळं सोलणारी आई — घास गोड लागेल का कुणाला?

एका छोट्या बेटावर धक्क्याजवळ एक शेड होती. बंगाली नवरा-बायको चालवायचे. शुभदा मनवाला घेऊन पाण्यात गेली होती. आई बाकावर बसली. मी आत जाऊन विचारलं, मच्छीशिवाय काय आहे? ती बाई प्रामाणिक होती. म्हणाली, "लौकी है, पर उसमें मछली का सिर डाला है." त्यांच्याकडे दुधीच्या भाजीत माशाचं डोकं घालतात. वरून त्या बेटावरचा ताजा नारळ.

मी तिथे उभा राहिलो. "रहने दो" म्हणायला कितीसा वेळ लागतो?

मी म्हणालो, "काँटा निकालके दे दो. माँ के दाँत नहीं हैं."

आईचे दात आजही धड आहेत.

वाटी समोर ठेवली. आईने वास घेतला आणि हात मागे घेतला. "माशांचो वास येता रे." मी म्हणालो, "अख्ख्या बेटालाच येतोय, बाजूला तळतायत ना." ती वाटीकडे बघत राहिली. मग वाटी माझ्याकडे सरकवली. "तू बघ."

मी चाखलं. जिभेवर माशाचं डोकं लख्ख होतं. मी म्हणालो, "नाही गं. नारळ आणि मोहरीचं तेल आहे. खा तू."

ती जेवली. स्वतःच्या नाकावर नाही, माझ्या जिभेवर विश्वास ठेवून जेवली. "बरां लागता," म्हणाली, आणखी मागून घेतली, वाटी बोटाने निपटून काढली. कित्येक वर्षांत मी तिला असं जेवताना पाहिलं नव्हतं. तेव्हा मला वाईट वाटलं असेल असं तुम्हाला वाटतंय का? नाही वाटलं. जिंकल्यासारखं वाटलं. नंतरचे काही दिवस मी मनवावर लक्ष ठेवून होतो — काळजीने नाही, निकालाची वाट बघावी तसा. काही झालं नाही. बघा, म्हणालो मनात, नवसाने काय होतं? बाप होतो मी तिचा. आणि हे असलं बघत होतो.

घरी आल्यावर आईने ती भाजी करायचा ध्यास घेतला. मोहरीचं तेल आणवलं, नारळ कधी वाटून घातला, कधी नुसता खवून. "ती चव येणा नाय," म्हणायची. कुणी अंदमानला निघालं की आवर्जून सांगायची — धक्क्याजवळच्या शेडमधली दुधीची भाजी खा, देवाशप्पथ. मला हसू यायचं. एकट्यालाच.

मग एक दिवस शाळेतून फोन आला. मनवाला पुन्हा फिट आली होती. डॉक्टरांनी तपासलं आणि सांगितलं, मुलगी वाढली, वजन वाढलं, डोस तोच राहिला होता. डोस वाढवला. तेव्हापासून ती ठीक आहे, आता दादरला कॉलेजात जाते. त्या भाजीचा आणि फिटचा काही संबंध नाही, हे मला पक्कं ठाऊक आहे.

पण आई त्या संध्याकाळी माझ्याजवळ आली. मी गॅलरीत उभा होतो. हळूच म्हणाली, "त्या बेटावरच्या भाजीत काय नव्हतां मां रे? तू बघलंस मां?"

इथे — इथपर्यंत यायला मला इतका वेळ लागला. बेटावर केला तो खोडसाळपणा म्हणा, दुष्टावा म्हणा. पण त्या संध्याकाळी तिने मला खरं बोलायची जागा स्वतःहून करून दिली होती. मी काय केलं? तिच्या डोळ्यांत बघून म्हणालो, "नव्हतं गं. मी चाखून बघितलं ना."

तिने मान हलवली. "मगे माजांच कायतरी चुकलां."

त्यानंतर ती गावी जाऊन आली आणि तिने नारळ सोडला.

आमच्याकडे नारळाशिवाय पानात उरतं काय? सोलकढी गेली, उसळ गेली, भाजीवरचं खोबरं गेलं, मोदक गेले. प्रसादाचा तुकडा ती कपाळाला लावते आणि मनवाच्या हातावर ठेवते. आमच्यासाठी रोज वाटण वाटते. दुधीची भाजी मात्र पुन्हा केली नाही.

मी तेव्हाही गप्प राहिलो. खरं कळलं तर ती खचेल, हे मी स्वतःला बरीच वर्षं सांगत आलो. ते खरं नाही. ती खचली असती की नाही, याचा मी कधी विचारच केला नाही. मी गप्प राहिलो, कारण कळल्यावर तिने मला मीठ बघायला पुन्हा बोलावलं नसतं. तेवढ्यासाठी मी तिला स्वतःची चूक शोधत बसू दिलं. अजूनही बसू देतोय.

परवाच्या रविवारी बांगडे होते. आईच्या हाताला आता पूर्वीचा नेम नाही, डावातला रस थोडा ओट्यावर सांडला. "मीठ बघ रे," तिने हाक मारली. मी जाऊन तळहात पुढे केला, चाटून बघितलं, आणि "बरोबर आहे" म्हणालो.

तिने पुन्हा विचारलं नाही. टोपावर झाकण ठेवलं आणि गॅस बंद केला.