अण्णाची घाईतली सही

वर्गात शुद्धलेखन सांगत होते. भावाच्या ऑफिसचा शिपाई दारात येऊन उभा राहिला. "काय झालं?" म्हटलं, तर म्हणाला, "बाई, सायबांनी... टेबलावरच मान टाकली." सायेब म्हणजे माझा थोरला भाऊ, अण्णा. सरकारी वीज-निरीक्षक. वीज कंपनी आणि घरगुती गिऱ्हाईक यांच्यात वाद झाला की निवाडा त्यानं करायचा; त्याचा निकाल येईपर्यंत कंपनीला वीज तोडता येत नसे. हे तो मोठ्या अभिमानानं सांगायचा... निदान बाबालालचं प्रकरण होईपर्यंत.

बाबालाल शाहूपुरीत घड्याळं दुरुस्त करायचा. पुढं दुकान, मागं घर, दोन्हींना एकच मीटर. कोल्हापूर नुकतंच मुंबई राज्यात विलीन झालं होतं, तेव्हाची गोष्ट. मीटरचं सील तुटलंय, हा माणूस वीज चोरतोय, असं कंपनीनं कळवलं. बाबालाल अण्णाकडं धावत आला. "सायेब, मी हात बी लावला न्हाई." त्या संध्याकाळी अण्णाच्या मुलीला बघायला पाहुणे यायचे होते. मीटर न बघताच त्यानं कंपनीच्या कागदावर सही केली आणि घर गाठलं. दुसऱ्या दिवशी वीज तुटली. अंधाराचं एवढं नव्हतं. पण ज्याच्या हाती लोक बिनघोर घड्याळं सोपवायचे, त्याला गल्ली चोर म्हणू लागली. दुरुस्तीला दिलेली घड्याळंसुद्धा लोक तशीच उचलून घेऊन गेले.

अण्णाला चैन पडेना. जेवताजेवता उठायचा, अंगणात फेऱ्या घालायचा. वहिनीनं खोदून विचारलं, तर म्हणाला, "मी मीटर बघितलाच न्हाई गं." आठवड्यानं कंपनीत जाऊन त्यानं दुरुस्तीचं रजिस्टर मागवलं. कंपनीच्याच माणसानं कामासाठी सील तोडलं होतं, नवं लावायचं राहून गेलं होतं. त्याच दुपारी अण्णानं बाबालालची वीज जोडून घेतली. मी त्याच्यासोबत होते. दुकानापुढं भर रस्त्यात उभा राहून अण्णा मोठ्यानं म्हणाला, "ह्या माणसानं चोरी केलेली न्हाई. चूक माझी हाय. मी न बघता सही केली."

बाबालालनं वर बघितलं नाही. "दिवा लागला, सायेब. पर लोकांच्या मनातलं कसं काढायचं?"

अण्णानं मनगटावरचं चालू घड्याळ काढून त्याच्यापुढं ठेवलं. "हे साफ करा. मी बसतो." मग कितीतरी रविवारी सकाळी तो त्या दुकानाच्या फळीवर बसलेला असे, येणाऱ्याजाणाऱ्याला दिसेल असा. गिऱ्हाईक परतलं; सगळं नाही. जी चार-पाच घरं पुन्हा आलीच नाहीत, ती अण्णाला शेवटपर्यंत तोंडपाठ होती.

परवा, तो गेल्यावर तीन आठवड्यांनी, वहिनीनं खोली आवरायला बोलावलं. उशाशी मुरगूडच्या एका विधवेच्या तक्रारीचा कागद होता. सहीची जागा कोरी. मी तो ऑफिसात नेऊन दिला. नवे साहेब तरुण, भले वाटले. "ठेवा, आत्ता सही करून टाकतो," म्हणाले.

मला काय झालं कोण जाणे, मी कागदावर हात ठेवला. "आधी तिचा मीटर बघून या की."

"बाई, मुरगूड इथं आहे का?"

मी हात काढला नाही. शेवटी शिपायाला हाक मारून त्यांनी विचारलं, "मुरगूडची गाडी किती वाजता हाय रे?"