आवाज गेल्यानंतरचा आलोशियस

वसईतल्या सांडोर गावचा आलोशियस प्रार्थना गटांत प्रवचनं द्यायचा. तो फादर नव्हता, बँकेत कारकून होता, संसारी माणूस. पण आवाज असा की मंडपातला माईक बंद पडला तरी शेवटच्या रांगेपर्यंत पोचायचा. २००७ साली घशाचं ऑपरेशन झालं आणि घोगरी कुजबुज तेवढी उरली. डॉक्टरांनी प्रवचनं बंद करायला सांगितली.

म्हणून तो ऑर्कुटवर आला. बँक सुटली की सायबर कॅफेत बसून, इंग्रजी अक्षरांत मराठी टाइप करत शुभवर्तमानातलं एक वचन आणि त्यावर चार ओळी टाकायचा. आखातात गेलेली वसईची माणसं ते वाचू लागली. मग त्यांची गाऱ्हाणी येऊ लागली. नोकरी टिकू दे, भावाची दारू सुटू दे. आलोशियस प्रत्येकाला लिहायचा, ‘प्रार्थना करतो.’ सुरुवातीला तो खरंच करायचा. पुढे नुसतं लिहिणंच उरलं आणि ते त्याचं त्यालाही कळत होतं. घरी येईतो डोळे चुरचुरायचे, पाठ धरलेली असायची.

“घरात धड बोलत नाहीस,” बायको कॅथरीन म्हणाली. “जगाला मात्र उत्तरं देतोस.”

“घसा दुखतो,” तो म्हणाला. ते अर्धंच खरं होतं.

पाचूबंदरच्या कोळ्याची मुलगी क्लेमेंटीन कुवेतला नर्स होती. आई वारली तेव्हा तिला रजा मिळाली नाही. तेव्हापासून तिचे वडील, पीटर, तिचा फोन उचलून लगेच ठेवून द्यायचे. ‘बाबांनी मला माफ करावं म्हणून प्रार्थना करा,’ तिने लिहिलं. आलोशियसने नेहमीचं उत्तर टाकलं. तिने पुन्हा लिहिलं, ‘प्रार्थना राहू द्या, पण पाचूबंदर तुम्हाला जवळ आहे. एकदा जाऊन याल का?’

त्याने कितीतरी रविवार टाळाटाळ केली. शेवटी एकदा चर्चमधली मिस्सा झाल्यावर स्कूटर तिकडे वळवली.

पीटर ओट्यावर जाळं दुरुस्त करत बसला होता. क्षमेबद्दल काय बोलायचं ते आलोशियसने वाटेत मनाशी जुळवलं होतं. ते तो बोलला. म्हातारा त्याच्या तोंडाकडे नुसता बघत राहिला.

“जरा मोठ्यानं बोल.”

आलोशियसने जोर लावला. घशातून खरखर आली आणि खोकला सुटला. पीटरने उठून त्याला पाणी दिलं. “कोन तू?”

आलोशियसने त्याच्या कानाला तोंड लावून मुलीचं नाव दोन-तीनदा घेतलं, ती काय समजून बसली आहे ते एकेक शब्द तोडून सांगितलं. पीटरने जाळं खाली ठेवलं.

“मी कशाला रागवू? मला ऐकू येत नाय. तिची आई होती तवर फोन तीच घ्यायची. फोनची घंटी कळते, बोलनं कळत नाय. नुसता वारा वाजतो. मग ठेवून देतो. बहिरा झालो म्हनून सांगितलं तर नोकरी सोडून येईल ती. तू बी सांगू नको.”

आलोशियस कसलाच शब्द न देता निघाला. दुसऱ्या दिवशी कॅफेत त्याने मजकूर लिहिला, पुसला, पुन्हा लिहिला आणि एकट्या क्लेमेंटीनलाच पाठवला. तिचं उत्तर आलं, ‘इतके दिवस मी माफी मागत होते. त्यांना ऐकूच जात नव्हतं.’

आलोशियसच पीटरला कानाच्या डॉक्टरकडे घेऊन गेला. कानात बसवलेलं यंत्र शिट्ट्या मारायचं, म्हातारा वैतागून काढून ठेवायचा. तरी मुलीचा फोन आला तेव्हा त्याने विचारलं, “जेवलीस काय?” आणि उत्तर ऐकून मान डोलावली.

क्लेमेंटीनकडून ही गोष्ट आखातात पसरली. मग कुणाची आई गास गावात एकटी, कुणाचा भाऊ होळी गावात आजारी, एकदा जाऊन याल का, असे निरोप येऊ लागले. आलोशियसची रोजची वचनं चुकू लागली. त्याची श्रद्धा थंडावली, असंही कुणी लिहिलं. रविवारी अंग जड झालेलं असायचं, तरी तो निघायचा. एकदा कॅथरीन स्कूटरवर मागे बसली. “तू गप्प राहा, मी बोलते.”

गासच्या त्या घरातली एकटी आजी सुनेच्या गाऱ्हाण्यांपासून सुरू करून केळीच्या बागेवर आली. आलोशियस ऐकता ऐकता खुर्चीतच झोपला. कॅथरीनने त्याला उठवलं नाही. आजीने आवाज थोडा खाली आणला आणि सांगत राहिली.