कालव्यावरचं पान

आमच्या गावचा जुना कालवा दुरुस्त झाला. त्यावरचा दगडी पूलही घासूनपुसून नव्यासारखा केला. संध्याकाळी मी तिथं जातो, पण त्या निळ्या पाण्यावर माझा विश्वास बसत नाही. कालव्याचं पाणी इतकं निळं असतं कुठं?

काल एका म्हाताऱ्या गृहस्थांनी कठड्यावरून लिंबाचं पान खाली टाकलं आणि लगबगीनं पलीकडच्या कठड्याशी जाऊन ते वाकले. दृष्टीचा उतारा टाकतायत की काय, म्हणून मी लांबच राहिलो.

"पाटकरी होतो मी," ते म्हणाले. "पाणी सोडलं की पान टाकायचो. पुलाखालनं निघालं, की पाणी शेतापर्यंत जाणार म्हणून समजायचं."

आम्ही दोघं वाट बघत राहिलो. पान आलं नाही. अलीकडे येऊन पाहिलं, तर टाकलं तिथंच तरंगत होतं.

"हे वाहत नाही," एवढंच बोलून ते निघून गेले.

इतके दिवस माझा संशय नुसता कठड्याला टेकून उभा होता. त्यांनी एका पानात तो तपासून घेतला.

आज सकाळी मुद्दाम गेलो, तर पान दिसेना. क्षणभर बरं वाटलं, वाहून गेलं म्हणायचं. मग कठड्याला टेकवलेली, पाण्यावरचा कचरा काढायची लांब दांड्याची जाळी दिसली. ती ओली होती.