मुद्दाम मिसळलेली खरखर

भाच्याच्या बँडचा अल्बम ऐकताना माझा हात सारखा खिशातल्या रुमालाकडे जात होता. प्रत्येक गाण्यामागे जुन्या रेकॉर्डची खरखर होती. ती त्यांनी स्टुडिओत मुद्दाम मिसळली होती.

"मामा, अगदी तुमच्या काळातलं वाटतं ना?" निनादने विचारलं.

आमच्या काळात ही खरखर जावी म्हणून मी रेकॉर्ड मलमलीच्या फडक्याने पुसत बसायचो, हे त्याला कसं सांगू?

पहिली दोन गाणी झकास होती. पुढची तीन नुसती जुने कपडे घालून उभी. मला बसवेना. उठून खिडकी उघडली, परत लावली. सहाव्या गाण्यात मात्र कुणाचं तरी बोट गिटारच्या तारेवरून घसरलं, कुणीतरी खुदकन हसलं, आणि ते हसू गाणाऱ्याच्या आवाजात शेवटपर्यंत राहिलं. मी खिडकीशीच थबकलो.

"ते चुकून राहिलंय," निनाद ओशाळला. "काढून टाकणार आहोत."

"आणि खरखर?"

"ती हवीच की!"

त्याच्या वयात मी वडिलांचा कोट घालून फोटो काढून घेतला होता. अजून भिंतीवर आहे. त्यात कोट फार छान आलाय.