कुवेत ते बेलापूर, चार तासांत

"मॅडम, सिस्टीम चार तास दाखवतीये. तुमचं अकरा तासांचं तिकीट मी अप्रूव्ह कसं करू?"

पुण्याच्या मोठ्या तिकीट कंपनीचा सुपरवायझर फोनवर बोलत होता. सावेडीत माझं छोटं बुकिंग ऑफिस आहे, पण तिकीट निघतं या लोकांच्या मंजुरीनं. समोर बेलापूरचा रफिक बसलेला; शिर्डीजवळचं बेलापूर, मुंबईकडचं नव्हे. त्याचे वडील दुपारी वारले होते. थोरला भाऊ सलीम कुवेतला.

रफिक म्हणाला, "काकू, मय्यत लई वेळ ठेवता येत न्हाई. उद्या असरच्या नमाजपर्यंत, म्हंजे पाच वाजेपर्यंत थांबतो. पुढं न्हाई."

आता बघा. कुवेतहून थेट मुंबईचं विमान सकाळी साडेअकराला उतरतं. सिस्टीमचे चार तास तिथं संपले. पण माणूस विमानातच राहतो का? इमिग्रेशन, म्हणजे पासपोर्ट तपासणीची रांग, मग बॅग. बाहेर पडायला एक वाजणार. तिथून बेलापूर गाडीनं सहा तास. वाजले संध्याकाळचे सात.

मी काढलेलं तिकीट हैदराबादवरून होतं. मध्यरात्रीच निघायचं, सकाळी सातला हैदराबादला उतरायचं, लेओव्हर म्हणजे मधे थांबणं पाच तास, आणि बाराचं शिर्डीचं विमान. दीड वाजता शिर्डी. तिथून बेलापूर तासा-सव्वा तासावर.

"पण मॅडम, हैदराबाद मुंबईच्या किती पुढं आहे. डिस्टन्स वाढतंय. उलटं कशाला यायचं?"

"साहेब, तुमचं डिस्टन्स विमानतळ ते विमानतळ. मला घराचं दार गाठायचंय."

"पॉलिसी आहे. शॉर्टेस्ट रूट."

"तुमच्या घरी असं झालं, तर तुम्ही पॉलिसी बघाल?"

तो म्हणाला, "तुमच्या जबाबदारीवर घ्या."

माझ्या जबाबदारीवर. म्हणजे बापाला मूठमाती द्यायला लेक पोचला तर कंपनीची सेवा, नाही पोचला तर माझी चूक. तीस वर्षं टाइमटेबलं वाचत आले, कुणी शिकवलं नाही, पण एवढा निर्लज्ज हिशेब मी पाहिला नव्हता. म्हटलं, लिहून घ्या माझं नाव. तिकीट काढलं.

दुसऱ्या दिवशी तीन वाजून दहा मिनिटांनी रफिकचा फोन. "काकू, भाई आला. अब्बाचं तोंड बघितलं त्यानं."

आठ दिवसांनी पुण्याहून मेल आला. शॉर्टेस्ट रूट उपलब्ध असताना ग्राहकाला सात तास जास्त प्रवास घडवला, लेखी खुलासा द्या.

मी एकच ओळ लिहिली. ग्राहक दफनाच्या आधी पोचला.

उत्तर आलं, खुलासा असमाधानकारक.

तेव्हा बाबांनो, विमान किती तासांचं, हे एजंटाला विचारूच नका. दारात किती वाजता पोचेन, ते विचारा. आणि सिस्टीम दाखवते म्हणणाऱ्याला आपल्या गावाचं नाव टाकायला सांगा. बेलापूर त्यात नाहीच.