अजून थोडी पातळ

दुसऱ्याच्या स्वयंपाकघरात आमच्या भावजींइतक्या हक्कानं शिरणारा माणूस अख्ख्या कोल्हापुरात सापडायचा नाही. भावजी म्हणजे माझ्या नवऱ्याचे मावसभाऊ. फौंड्रीत होते. कंपनीनं सहा महिने जपानला पाठवलं. तिथं सुट्टीच्या दिवशी ते एका म्हाताऱ्या कुंभाराच्या चाकाशेजारी जाऊन बसायला लागले आणि फौंड्रीवरचं मनच उडालं. सोबतच्यांनी येताना कॅमेरे आणले, यांनी बॅगभर माती. घरामागं भट्टी घातली आणि रोजच्या जेवणाच्या वाट्या, ताटल्या, कप करायला लागले. कुणी शोभेचं काही मागितलं की म्हणायचे, "ते बाजारात लई मिळतंय, पावणं."

वाटी मागायला आलेल्याला ते आधी ओल्या मातीचा गोळा मुठीत धरायला लावायचे. बोटं किती रुततात यावर वाटीचं वजन ठरायचं. एका लग्नघरानं साठ वाट्या सांगितल्या, तर हे साठ जणांचे हात मागायला लागले. ते गिऱ्हाईक परत आलं नाही. वाटी दिल्यावर महिन्या-दोन महिन्यांनी न सांगता घरी यायचे आणि थेट मांडणीपाशी जायचे. माझ्याकडंही असेच आले. कुठली वस्तू कुठं, याची यादी मी कपाटाच्या दाराला आतून चिकटवलेली असते. त्यात त्यांनी मला दिलेली वाटी 'शोकेस'खाली होती. त्यांनी यादी वाचली, वाटी काढली, तांबड्या रश्श्यानं काठोकाठ भरली आणि माझ्यापुढं ठेवली. "वहिनी, वाटी काय देव हाय व्हय, बसवून पुजायला? डाग पडू दे की."

पुढं जाऊबाईंच्या, म्हणजे त्यांच्या बायकोच्या, हातातली ताकद जायला लागली. डॉक्टर म्हणाले, हे वाढतच जाणार. जाऊबाईंचं मागणं एकच होतं: पेज मी माझ्या हातानं पिणार, कुणी भरवायचं नाही. भावजींनी बाकी सगळी कामं बंद केली. आज उचलली जाणारी वाटी पंधरा दिवसांनी जड व्हायची, मग नवी, त्याहून पातळ. पातळ वाट्या भट्टीत तडकायच्या, दहात एखादी धड निघायची. ती घेऊन ते आत पळायचे. जाऊबाई तोलून बघायच्या आणि म्हणायच्या, "अवो, अजून जड हाय." शेवटची वाटी कागदासारखी निघाली. ती जाऊबाईंनी दोन्ही हातांनी उचलली. आठ दिवस स्वतः पेज प्यायल्या. नवव्या दिवशी गेल्या.

त्याला वर्ष झालं. भट्टीत आता शेजारची कोंबडी अंडी घालते. गेल्या रविवारी मी पांढरा रस्सा घेऊन गेले, तर भावजी स्टीलच्या वाटीत जेवत होते आणि ती पातळ वाटी काचेच्या कपाटात, फोटोशेजारी, पुसून ठेवलेली. मी वाटी काढली, रस्सा ओतला, त्यांच्यापुढं ठेवली. वाटलं, आता ओरडतील. त्यांनी ती उचलली आणि कितीतरी वेळ तळहातावर तोलत राहिले.

"वहिनी, अजून थोडी पातळ व्हायला पायजे हुती," ते म्हणाले.

मग प्यायले. वाटी रिकामी झाली, तरी खाली ठेवीनात.